एका टिंबासाठी

राजापूरचे एक काका श्रावणात आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत घेऊन आले. स्वातंत्र्याआधीची छपाई, कागद इतका पातळ की पान उचललं की मागच्या ओळी उलट्या दिसायच्या. "ताई, पीडीएफ करून द्या. पोरं बाहेरगावी आहेत, त्यांना पाठवीन."

रत्नागिरीच्या पावसात असला कागद सादळतो. दोन दिवस पुस्तक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवलं, मगच स्कॅनरला लावलं.

स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं. उजेड पातळ पानातून आरपार जातो, झाकणावरून परततो, आणि मागे जिथे शाई असेल तिथे अडतो. म्हणून मागची अक्षरं पुढे उमटतात. पानामागे काळा कार्डशीट सरकवला की उजेड परततच नाही. पान करडं येतं खरं, पण तो करडेपणा नंतर संगणकावर लेव्हल्समध्ये, म्हणजे काळं-पांढरं कमीजास्त करायच्या सोयीत, काढता येतो. बांधीव पुस्तकात दर पानाला हा कागद काढायचा-घालायचा, शिवण न ताणता. दिवसभरात साठ पानं झाली तर खूप.

मी जिथे शिकले तिथे सांगायचे, सरळ काळं-पांढरं करा, डाग घालवायचं बटण दाबा, फाइल लहान होते. मराठीसाठी हे फार वाईट शिकवणं आहे. ते बटण अनुस्वार खातं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत तर टिंबांची दाटी: नांव, कांहीं, केलें. मागचं अक्षर उलटं दिसतं म्हणून ओळखू येतं, पण टिंब उलटं केलं तरी टिंबच.

काका शेजारी बसून पानं बघत होते. एका ठिकाणी थांबले. एक विधवा माहेरी परतली, 'धाकट्या भावाकडे' राहिली, की 'भावांकडे'? भाऊ दोन, त्यातला एक काकांचा पणजोबा. घरात आजवर दुसऱ्याचंच नाव घेतलं जायचं. स्क्रीनवर 'वा'च्या डोक्यावर फिकट ठिपका. मागच्या पानाचा असू शकत होता.

स्कॅनर बंद केला, पुस्तक टेबलावर घेतलं, टॉर्च अगदी आडवा धरला. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षर कागदात दबतं. या बाजूचं असेल तर खळगा, मागचं असेल तर उंचवटा. भिंगातून पाहिलं. खळगा होता. टोचल्यासारखा, कडेला बारीकशी सावली.

काकांनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं. "म्हणजे आमच्या पणजोबांनीही सांभाळलं तिला," एवढंच म्हणाले.

पूर्ण पुस्तक करड्या रंगातच, ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, दिलं. फाइल जड झाली, होऊ दे.

त्या रात्री झोप लागेना. मागच्या वर्षी अशीच दोन जुनी पुस्तकं मी तेच बटण दाबून 'स्वच्छ' करून दिली होती. एकाची मूळ प्रत वाळवीने गेली. दुसरी दापोलीत आहे. सकाळी फोन करून ती परत मागवली, पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं.