पाणी लागलं नाही म्हणून

मंगळवार, रात्री उशिरा

आज मैत्रिणीकडे जाऊन आले. बाळ पाचव्या दिवशी गेलं. त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे पाण्याने होणारा बाप्तिस्मा, पुढच्या महिन्यात ठरला होता. त्यासाठी तिने स्वतः शिवलेला पांढरा अंगरखा कपाटातून काढून मांडीवर घेऊन बसली होती. नखाएवढी तीन बटणं. तिसऱ्याचा दोरा अजून कापायचाच राहिलाय, टोक लोंबतंय. ती त्या टोकाशीच बोट फिरवत होती. मग म्हणाली, "अगं, बाप्तिस्मा नव्हता ना त्याचा. मग तो कुठे असेल?"

अंत्यविधीच्या वेळी कुणीतरी तिच्या कानाशी लागलं होतं, "घाई करायला हवी होती." ते ऐकल्यापासून माझं डोकं भणभणतंय. पाच दिवसांच्या बाळाच्या आईला कोणी असं बोलतं?

घरी येऊन बायबल उघडलं. योहान 3:5 समोर आहे आणि ते गुळगुळीत करून वाचायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. हे येशूने म्हटलंय, आणि चर्चने पहिल्यापासून ते मनावर घेतलंय. पण बोलणं चाललंय ते निकदेमाशी. ऐकू शकणाऱ्या, समजू शकणाऱ्या, हो-नाही म्हणू शकणाऱ्या मोठ्या माणसाशी. मार्क 16:16 मध्ये विश्वास आणि बाप्तिस्मा या दोघांनी तारण आहे, पण दंडाच्या वाक्यात फक्त विश्वास न धरणं आहे, बाप्तिस्म्याचं नावच नाही. हे मी इतकी वर्षं वाचतेय, पण आज पहिल्यांदा नीट दिसलं.

चर्चचा जुना धर्मपंडित संत ऑगस्टीन याने मात्र कठोरपणे सांगितलं होतं की बाप्तिस्मा न झालेली बाळं दंडाला जातात, सगळ्यात सौम्य दंडाला का होईना. तो दंडसुद्धा मनाला पेलेना, म्हणूनच पुढे मध्ययुगात लिंबोची कल्पना आली असावी: दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. तो कधीच धर्मसिद्धांत झाला नाही. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने स्पष्ट लिहिलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. खात्री म्हटलेलं नाही, आशा म्हटलंय. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातलं एक वाक्य तर मला पाठ आहे: देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी बांधलंय, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही.

रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन 392 मध्ये बाप्तिस्म्याआधीच मेला. मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याच्या बहिणींना धीर देताना म्हटलं की त्याने बाप्तिस्मा मागितला होता, म्हणून त्याला मिळाला. पण बाळ काय मागणार? तिथे मी अडकले होते. मग प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरची आठवण झाली. 1542 मध्ये त्याने मूल गमावलेल्या आयांसाठी लिहिलं, की आईच्या पोटातून निघालेली ती कळ, तो शब्दाविना हुंदका, देव प्रार्थना म्हणूनच ऐकतो. कॅथलिक घरातली मी आणि ल्यूथर! पण आज त्याचा हात धरायला मला काहीच वाटलं नाही. मागणं होतं. तीन बटणं लावून मागितलं होतं.

बाप्तिस्मा गरजेचा आहे, असं मी अजूनही मानते. ज्याला हाक ऐकू आलीय आणि पाणी समोर आहे, त्याने "देव काय ते करून घेईलच" म्हणत मागे सरणं मला पटत नाही. येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्याविनाच स्वर्ग मिळाला, हे उदाहरण लोक देतात, पण त्याचे हात खिळलेले होते. इथेही हात बांधलेलेच होते की. इनक्युबेटरच्या काचेत.

एक गोष्ट तिला सांगितली नाही. जिवाला धोका असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आई, नर्स, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. चर्च जे करतं तेच करायचा हेतू मनात धरायचा, डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तुला बाप्तिस्मा देते, असं म्हणायचं. तिला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि त्या पाच दिवसांत मी तिला दोनदा फोन केला होता.

उद्या पुन्हा जाते. आधी हेच सांगीन.