सा-प-सा-प

रविवार, रात्र

आज रियाज झालाच नाही. व्हायोलिन लावलं, नेहमीसारखं सा-प-सा-प, आणि त्या उघड्या तारांवर अमेरिकन लोकवादक टॉमी जॅरलची ‘जॉन ब्राउन्स ड्रीम’ ही धून आठवली. या धुनेसाठी तो फिडलच्या तारा ए-ई-ए-ई अशा पाश्चात्त्य स्वरांत लावायचा. म्हणजे आपलंच सा-प-सा-प! फिडल हे व्हायोलिनच. नेहमीच्या पाश्चात्त्य लावणीतल्या जाड दोन तारा एकेक स्वर चढवल्या की झालं. वाजवत्या तारेशेजारची मोकळी तार गजाखाली सतत बोलत राहते, वेगळा तानपुरा लागत नाही.

धून नॉर्थ कॅरोलायनातल्या सरी काउंटीतली, राउंड पीक भागातली. टॉमीचे वडील बेन यांनी ती १९२७ साली तबकडीवर गायली, वाजवली. टॉमीला ती घरातच मिळाली. त्याने उमेदीची वर्षं रस्ते खात्यात काढली, १९६६मध्ये निवृत्त झाला, पुढच्याच वर्षी बायको गेली. मग शहरांतली तरुण मुलं त्याच्या दारात येऊ लागली. तो त्यांना घरात घ्यायचा, जेवू घालायचा आणि समोर बसवून वाजवायचा. १९६८च्या सुमारास त्याच्यासोबत ध्वनिमुद्रणाला ऑस्कर जेंकिन्स होता. १९२७च्या त्या तबकड्यांवर बेनबरोबर वाजवणाऱ्या फ्रँक जेंकिन्सचा हा मुलगा. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

कारण माझ्या हातातलं व्हायोलिन आजोबांचं आहे. घोडी बदलली, खुंट्या बदलल्या, पेटीवरचा त्यांचा अंगठ्याचा डाग तसाच आहे. पण ते काय वाजवायचे, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. बाबांना फक्त ‘संध्याकाळी वाजवायचे’ एवढं आठवतं. जॅरलांकडे नेमकं उलटं: टॉमीचं फिडल स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं, धून मात्र कितीतरी हातांत आहे.

बापाची तबकडी आणि मुलाचं वाजवणं दुपारपासून पाठोपाठ ऐकतेय. डावा हात लवकर जमला. अडतो तो गज. मला लांब गज आणि मींडेची, स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची, सवय. इथे मनगट छोट्या छोट्या झोक्यांत हलावं लागतं. पहिली ओळ वहीत स्वरलिपीत उतरवली होती, ती खोडली. टॉमी कानानेच शिकला होता.

बाबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “हे काय वाजवतेस गं? थांबू नकोस.”