जिनिंगमधली पंगत: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, हजेरी-पगाराचं काम माझ्याकडे आहे. दिवाळीच्या आसपास हंगाम लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत शंभर-सव्वाशे माणसं इथं राबतात. कापूस निवडणाऱ्या जवळपासच्या गावांतल्या बाया, प्रेसवरचे बिहारचे मजूर, फिटर, काटेवाला, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आणि आम्ही ऑफिसवाले. पूर्वी जेवायची सुट्टी झाली की ज्याची त्याची दिशा वेगळी. साहेब लोक केबिनमध्ये, बाया निंबाखाली, बिहारची पोरं खोलीवर. बायांमध्येही गाव आणि जात पाहून घोळके पडत. हे मला फार खुपायचं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमात काल्याला हीच माणसं एका पंगतीत बसतात, मग इथं का नाही?

शेठजींकडे विषय काढला, तर ते म्हणाले, "कायद्यानं आपल्याला लागत नाही, ताई." बरोबरच होतं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात 250 हून जास्त कामगार असतील तरच कॅन्टीन सक्तीचं होतं, आणि जेवणाची खोली 150 च्या वर. पण त्याच कायद्यात सलग 5 तासांहून जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास विसावा द्या, हेही होतं. मी तिथूनच धरलं. सुट्टी आपण देतोच, फक्त ती सगळ्यांना एकाच वेळी द्या. यंत्रं बंद ठेवायची म्हटल्यावर ते बिचकले. आमच्या फिटरभाऊंनी मार्ग काढला. उडालेली रुई झाडायला जिन रोज थोडा वेळ थांबतातच. ती झाडझूड जेवणाच्या तोंडावर घ्यायची आणि मग सगळ्यांनी उठायचं. रोलरही तेवढे थंड होतात.

स्वयंपाक आवारात करायचा प्रश्नच नव्हता. जिथं रुई उडते तिथं बिडीलाही बंदी, मग चूल कुठून पेटणार? म्हणून गावातल्या महिला बचत गटाला गाठलं. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेतली. छोट्या व्यवसायाला तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. पैशाचं असं ठरलं की थाळीचा मोठा वाटा कंपनीचा आणि 10 रुपये प्रत्येकाचे, शेठजींचे सुद्धा. फुकट नको, हे बायांनीच सांगितलं. "फुकटचं असलं की मीठ कमी आहे म्हणाची सोय राहत नाही," एक काकू बोलल्या. मला ते मनापासून पटलं.

जेवणात काय ठेवायचं यावर मात्र बरीच ओढाताण झाली. बिहारच्या पोरांना रोज भात हवा. इकडच्यांना ज्वारीची भाकर हवी, पण शिवारात सगळीकडे कापूस, तूर आणि सोयाबीन झाल्यापासून ज्वारी विकतच आणावी लागते. शेवटी रोज तुरीचं वरण, भात, पोळी आणि भाजी, बुधवारी भाकर-झुणका, शनिवारी डाळीचे गोळे घातलेला गोळाभात असं बसलं. आता गोळाभातावर चिंचेचं सार आणि फोडणीचं तेल बिहारचे मजूरच आधी मागतात.

खरी अडचण बसण्याची होती. पहिल्या आठवड्यात लोक ताट घेऊन पुन्हा आपापल्या कोपऱ्यात गेले. शेडमध्ये लांब पट्ट्या अंथरल्या, जो जसा येईल तसा बसेल असा नियम केला आणि वाढायची पाळी सगळ्यांवर ठेवली. त्यात ग्रेडर आला, मीही आले. एक-दोन बायांनी डबा घरूनच आणणं चालू ठेवलं. त्यांना कुणी टोकलं नाही, फक्त जागा पट्टीवरच दिली. महिनाभरानं त्यांचेही ताट लागले.

फरक मला आधी कामात दिसला. कापसात 8 ते 12 टक्के ओलावा धरून भाव ठरतो. एकदा जेवताना निवडणाऱ्या बाईनं शेजारी बसलेल्या ग्रेडरला सांगितलं, "भाऊ, त्या गाडीतला कापूस वरून सुका, खालून ओला हाय." ही गोष्ट तिला आधीही कळत असणार. पण केबिनचं दार उघडून आत जायची तिची हिंमत नव्हती, आणि तिला विचारावं असं ग्रेडरलाही सुचलं नव्हतं. पोत्यांच्या प्लास्टिकच्या सुतळ्या रुईत जातात, त्याची वेगळी पेटी ठेवायची कल्पनाही पंगतीतूनच आली. हंगाम संपल्यावर गावी गेलेली बिहारची बरीच पोरं पुढच्या दिवाळीला परत आली. त्यामागं मजुरीचंही कारण असेल, सगळं श्रेय जेवणाला मी देणार नाही.

कुणाला सुरू करायचं असेल तर माझं सांगणं एवढंच की जेवणात काय द्यायचं ते नंतर ठरवा, आधी सगळ्यांची वेळ एक करा आणि मालकाला पट्टीवर बसवा. आमच्याकडे रात्रपाळीचं अजून जमलेलं नाही. गटातल्या बायांना अंधारात येता येत नाही, म्हणून संध्याकाळीच डबे पाठवून रात्री गरम करता येतील का, ते या हंगामात बघतोय. गरम करायची जागा रुईपासून दूर, फाटकाजवळच्या खोलीत धरली आहे.