शेवटचा स्वर आधी

"आता हेच गाऊन दाखव," आत्या म्हणाली.

मी सांगलीला तिच्याकडे गेलो होतो आणि मोबाइलवर तिला माझा गिटारचा सोलो, म्हणजे गाण्यामधला एकट्याने वाजवायचा तुकडा, ऐकवला होता. गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात आम्ही चौघांनी वाजवलं होतं, त्याचं रेकॉर्डिंग. 16 बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) सोलो, वेग चांगला, एकही स्वर चुकलेला नाही. आत्या गेली तीसेक वर्षं मुलांना गाणं शिकवते. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली.

मी गायला तोंड उघडलं आणि चार-पाच स्वरांपुढे जाताच येईना. सोलो माझा, वाजवला मी, आणि मलाच तो येत नव्हता. बोटांना येत होता.

"अरे, यात श्वास कुठे घेतोस?" तिने विचारलं. आम्ही रेकॉर्डिंग परत लावून मोजलं. 16 बारमध्ये एका मात्रेहून मोठी जागा मी एकदाही सोडली नव्हती. "आणि ओळ कुठे संपते?" या प्रश्नाला तर उत्तरच नव्हतं. ओळ संपतच नव्हती. गाणाऱ्याचं कडवं आलं म्हणून सोलो थांबला होता, इतकंच.

त्याला आता दीड वर्ष झालं. या दीड वर्षात काय केलं ते लिहितोय, कारण स्केल (स्वरांची ठरलेली मालिका) पाठ आहे, हात बसलाय, तरी स्वतःचा सोलो ऐकताना मन लागत नाही, असं म्हणणारे माझ्या ओळखीतच पाच-सहा जण आहेत.

त्या दिवशी आत्याने हार्मोनियम पुढे ओढली आणि मी कोणते स्वर वाजवतो ते विचारलं. मी सांगितलं: ए, सी, डी, ई, जी. ए मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांचं एक स्केल. गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात; पाचव्या फ्रेटवरची ती चौकट गिटार शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात सगळ्यात आधी बसते. तिने ए ला सा धरला आणि वाजवून पाहिलं: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. "हा तर धानी राग आहे," ती म्हणाली. मग हेच पाच स्वर तिने सी पासून वाजवले आणि झाला भूप. मी वर्षानुवर्षं ज्याला 'बॉक्स' म्हणत होतो, त्याला तिच्याकडे नाव होतं, चाल होती, कुठे थांबायचं याची समज होती. माझ्याकडे फक्त बोटांच्या जागा होत्या.

तिने मला दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक, महिनाभर तीनच स्वर वाजवायचे. दोन, ओळ सुरू करायच्या आधी ती कोणत्या स्वरावर संपणार ते ठरवायचं आणि तो स्वर आधी गाऊन घ्यायचा.

पहिली गोष्ट ऐकायला सोपी वाटते. सा, ग, म. म्हणजे माझ्यासाठी ए, सी, डी. पुण्याला परतल्यावर मी लूपरवर (भरलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहणारं यंत्र) ए मायनर, एफ, सी, जी अशा चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, एकेक बार भरल्या, वेग मिनिटाला 72 मात्रा ठेवला आणि बसलो. पहिल्या आठवड्यात अक्षरशः कोंडल्यासारखं झालं. डावा हात आपोआप चौथ्या स्वराकडे जायचा. पण तीनच स्वर असले की बाकी सगळं उघडं पडतं: स्वर किती वेळ धरलास, किती जोरात छेडलास, मात्रेवर आलास की मात्रेच्या जरा मागून. दुसऱ्या आठवड्यात मी एकच डी चार तऱ्हांनी वाजवत होतो. पिकच्या (तार छेडायच्या छोट्या पट्टीच्या) टोकाने, अंगठ्याच्या मांसल भागाने, ब्रिजजवळ (तारा जिथे खोडावर टेकतात तिथे), मानेजवळ. मानेजवळ अंगठ्याने वाजवलेला डी ऐकून बायको आतल्या खोलीतून म्हणाली, "हे काय नवीन? छान वाटतंय." तिला सोलोबद्दल काही बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

दुसऱ्या गोष्टीने मात्र माझं वाजवणं खरंच बदललं.

ख्यालात तान कितीही लांब गेली तरी ती मुखड्याला, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीला, येऊन मिळते आणि मुखडा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. तान कुठे जाणार हे गाणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणूनच ऐकणाऱ्याचाही जीव तिच्यात गुंततो. मी उलटं करत होतो. सुरुवात करायचो आणि बोटं नेतील तिकडे जायचो. आता मी शेवटाकडून मागे यायला लागलो. दोन बारची ओळ, शेवट ए वर. तो ए गायचा, मनात धरायचा, मग तिथपर्यंतचा रस्ता शोधायचा. पुढची दोन बार, शेवट डी वर. ए वर संपलेली ओळ पूर्ण झाल्यासारखी वाटते, डी वर संपलेली अजून काहीतरी मागते. म्हणून मी आधी डी वर सोडायला लागलो आणि मग ए वर मिटवायला. एकाने विचारावं, दुसऱ्याने सांगावं, तसं.

इथेच कॉर्डचा भाग आला, आणि तो आत्याच्या शिकवण्यात नव्हता. तिच्याकडे तानपुऱ्याचा सा हलत नाही. गिटारच्या साथीत खालची जमीन दर बारला बदलते. एका रविवारी मी लूप लावला आणि पहिल्या तारेवर आठव्या फ्रेटला सी धरून ठेवला. बाकी काहीच वाजवलं नाही, दर बारच्या सुरुवातीला तोच सी पुन्हा. ए मायनरवर तो हळवा लागतो, कारण कॉर्डच्या मूळ स्वरापासून स्केलमध्ये मोजलं तर तो तिसरा स्वर आहे. एफ आली की तोच सी पाचवा होतो, निवांत, पाठीमागे उभा राहिल्यासारखा. सी कॉर्डवर तो घरी पोचतो. आणि जी आली की तो टोचतो. जी कॉर्डमध्ये जी, बी, डी आहेत, सी कुठेच नाही. तिथे सी धरून ठेवला की कानाला खाली उतरावंसं वाटतं. मी एक फ्रेट खाली आलो, सातव्या फ्रेटच्या बी वर, आणि त्या क्षणी अंगावर काटा आला. बी माझ्या पाच स्वरांत नव्हताच. इतकी वर्षं चौकटीत फिरताना मी त्याच्या शेजारून रोज गेलो होतो.

तो एक स्वर चार कॉर्डवर धरून ऐकण्याचा प्रयोग प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. त्याला वेग लागत नाही, हाताची तयारी लागत नाही. दहा मिनिटं लागतात. त्यानंतर मी प्रत्येक कॉर्डचा तिसरा स्वर शोधून ठेवला: ए मायनरला सी, एफला ए, सी कॉर्डला ई, जीला बी. ओळीचा शेवट यातल्या एकावर आला आणि कॉर्ड नेमकी त्याच क्षणी बदलली की साथीला आणि सोलोला एकच गोष्ट सांगायची आहे असं वाटतं.

बेंडवर सहा आठवडे गेले. बेंड म्हणजे तार ताणून स्वर चढवायचा: तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा डी ई पर्यंत न्यायचा. आत्याच्या भाषेत म वरून प ची मींड, म्हणजे न तोडता सरकत जाणं. मी हा बेंड हजारो वेळा वाजवला होता. आता आधी नवव्या फ्रेटचा खरा ई वाजवायचा, गायचा, मग सातव्या फ्रेटवरून ताणून तिथे पोचायचं, असं केलं तेव्हा कळलं की मी बहुतेक वेळा थोडा खालीच राहत होतो. थोडंसंच, पण ओळीचा शेवट त्या स्वरावर असेल तर तेवढ्यानेही ती लंगडते. एकट्या अनामिकेने ताणायची सवय सोडली. तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकवली, अंगठा मानेवरून वर आणला आणि बोटांऐवजी मनगट फिरवलं. दुखणंही कमी झालं आणि स्वरही जागेवर यायला लागला. मग मींडेचा वेग. आत्या फोनवर म ते प तीन तऱ्हांनी गायली: एकदा झटकन, एकदा दोन मात्रा घेऊन, एकदा निम्म्यात थांबून मग पुढे. तिसरी माझ्या हातात अजून पक्की बसलेली नाही, पण जेव्हा बसते तेव्हा गिटार बोलते.

त्याच सुमारास मी अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग नीट ऐकायला घेतले. आधी ऐकले होते, पण लिक्स (तयार छोटे तुकडे) उचलण्यासाठी. आता रोज एकच ओळ. आधी ती गाता येईपर्यंत ऐकायची, मग तारेवर शोधायची. ते एक ओळ गातात आणि पुढची गिटार वाजवते. गाताना ते सहसा वाजवत नसत. त्यामुळे त्यांच्या गिटारच्या ओळीही गायच्या ओळींएवढ्याच लांब असतात, एका श्वासाच्या. त्यांचा तो थरथरता स्वर कुठून आला, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. त्यांच्या आईकडून नात्यातले बुका व्हाइट तारेवर स्लाइड (एक गुळगुळीत, कडक तुकडा) फिरवून वाजवायचे, तो आवाज बी. बी. किंगना हवा होता, स्लाइड काही जमली नाही, म्हणून त्यांनी बोटानेच तार थरथरवायला सुरुवात केली.

हे आत्याला सांगितलं तर ती उठून कपाटातून एक जुनी कॅसेट घेऊन आली. 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967 सालचा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काबरा गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायचे, त्यामुळे मींड हवी तेवढी लांब घेता यायची. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी फक्त गिटारच्या जागा ऐकल्या. प्रत्येक ओळ कोणत्या स्वरावर येऊन थांबते ते आत्या बोटाने मांडीवर दाखवत होती. मिसिसिपीहून आलेला एक माणूस बोटाने जे शोधत होता आणि जोधपूरचा एक माणूस पट्टीने, ते एकच होतं. मला हे माझ्या आत्याच्या घरी, तिच्याच टेपरेकॉर्डरवर कळलं, याचं फार समाधान वाटतं.

एक सराव माझा स्वतःचा आहे. घरात बोलली जाणारी वाक्यं मी गिटारवर वाजवतो. "अगं, चहा ठेवतेस का?" यात 'का' वर आवाज वर जातो. "ठेवते की," म्हणताना 'की' वर खाली येतो. शब्द नको, फक्त चढउतार आणि लांबी. मराठी वाक्यात जोर कुठे पडतो, कोणतं अक्षर आपण जवळजवळ गिळतो, हे वाजवायला गेल्यावरच लक्षात येतं. त्या गिळलेल्या अक्षरांसाठी मी हळू छेडलेले, निम्मे दाबलेले स्वर वापरायला लागलो. आधी माझे सगळे स्वर एकाच जोराने यायचे.

यंदाच्या गणपतीत तेच गाणं पुन्हा वाजवलं. सोलो 16 बारचाच. पहिले चार बार मी तीन स्वरांत राहिलो, पाचव्या बारच्या सुरुवातीला पूर्ण दोन मात्रा थांबलो. ते थांबणं स्टेजवर फार लांब वाटतं, हात शिवशिवतात. ढोलकीवाल्याने त्या जागेत एक छोटीशी भर घातली. आधीच्या वेळी त्याला जागाच मिळाली नव्हती. शेवटची ओळ जी कॉर्डवरच्या बी वर आणून सोडली, आणि गाणाऱ्याने आपलं कडवं त्याच बी पासून उचललं. ठरवलेलं नव्हतं.

वेग मी सोडलेला नाही. मला जलद वाजवायला आवडतं आणि तान जलदच असते. सध्या सोळा स्वरांची एक तान घेऊन जीच्या पहिल्या मात्रेवर नेमकं बी वर उतरण्याचा सराव चालू आहे. 84 च्या वेगाला दहातल्या आठ वेळा जमतं. 96 ला मी अर्धी मात्रा आधी पोचतो आणि तिथे ताटकळत राहतो. दिवाळीत सांगलीला जाताना गिटार सोबत नेणार आहे. आत्याने सांगून ठेवलंय, आधी गाऊन दाखवायचं, मग पिशवी उघडायची.