लेकीचा नंदी मीच कोरला, त्याची गोष्ट

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ ला हे सुरू केलं असं सांगतात. तर गेल्या वर्षी लेक म्हणाली, बाबा या वेळेस विकतचा नको, तुम्हीच करा. आणि मी, जन्मात एक खिळा सरळ न ठोकलेला माणूस, हो म्हणून बसलो.

मे महिन्यात लकडगंजातून शिवणीचा ठोकळा आणला, कोरायला मऊ म्हणून. ओला होता हे मला काय माहीत! गच्चीवर उन्हात ठेवला, आठ दिवसात दोन्ही टोकांना तडे. नंतर समजलं की ओल कापलेल्या तोंडातून आधी निघून जाते, म्हणून तिथे मेण नाहीतर ऑइलपेंट फासून लाकूड सावलीत वाळवतात, तेही महिनोन्महिने. ठोकळा गेला चुलीत.

मग जुन्या दरवाजाच्या सागवानी चौकटीचा तुकडा आणला, चार बाय तीन इंचाचा, वाळवायची कटकटच नाही. पण पहिल्याच दिवशी आत मोडलेला खिळा निघाला आणि नव्या पटाशीच्या, म्हणजे कोरायच्या छिन्नीच्या, धारेला खाच पडली. तरी रेटत राहिलो, चांगला आठवडाभर. पाठ झाली, वशिंड झालं, आणि मागचा पाय मोकळा करताना हलकेच हातोडी मारली तर पाय कटकन सुटून खाली पडला. फेविकॉलने चिकटवला. दुसऱ्या दिवशी दुसरा पाय.

शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतारकाका बसतात त्यांच्याकडे पिशवीतून बैल घेऊन गेलो. त्यांनी उलटा केला, पायाच्या तुटलेल्या जागेवर नख फिरवलं. "भाऊ, लाकूड आडवं काहून घेतलं? रेषा पायातून आडव्या जाऊन राहिल्या, मग तुटतीन नाही तं काय." म्हणजे लाकडाच्या धाग्याच्या रेषा उभ्या पाहिजेत, पायाच्या लांबीत, पोट जाड असतं ते सहन करतं. इतकी साधी गोष्ट आणि मी व्हिडिओत बघत होतो नक्षी! शिंगं बाजूला वळतात म्हणून ती एकाच तुकड्यात काढायचीच नाहीत, वेगळी कोरून बुडाला कुसू, म्हणजे बारीक खुंटी, ठेवायचा आणि डोक्यात भोक पाडून बसवायची. मी म्हटलं कडुनिंब घेऊ का, कीड लागत नाही. ते म्हणे घ्या ना, पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाचाच आहे, पण वाळलेला आणून दाखवा आधी.

मग चौकटीचेच दोन तुकडे, या वेळी लोहचुंबक फिरवून पाहिलेले, उभे शेजारी-शेजारी चिकटवून ८ इंच लांबी केली. बाजूने बैल काढला, नंतर समोरून, करवतीने जाडजूड आकार, मग पटाशी. कोरताना रेषेच्या उलट गेलं की पटाशी आत घुसते आणि चिरफळी उडते, दिशा बदलली की तीच पटाशी गुळगुळीत साल काढते, हे हातालाच कळतं, सांगून नाही समजत. डोळ्यांना मात्र चार संध्याकाळी गेल्या. एक डोळा बरा झाला की दुसरा रागावलेला दिसायचा. चाकं मी खरादवाल्याकडून, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून गोल करणाऱ्याकडून, आणली, तेवढी लाज सोडली.

पॉलिश पेपर ८० नंबरपासून २२० पर्यंत मारला, बोटं सोलली. चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश केलं तर सकाळी नंदी पांढुरका! पावसाळी हवेत होतं म्हणे असं. दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा स्पिरिटच्या फडक्याने हलकं पुसून परत हात मारला. नशीब, वेळेत उघडीप मिळाली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रिमझिम होती, नंदीवर प्लास्टिकची पिशवी बांधून लेक निघाली. समोरच्या आजींनी बोजाऱ्याचे वीस रुपये देत विचारलं, कितीले आणला गं? ही म्हणाली, "बाबांनी केला, एक कान मोठा झाला."

काकांकडेही नेला. त्यांनी पिशवी काढली, अंगठ्याने शिंग दाबून पाहिलं, हललं नाही. मग कानाकडे पाहिलं आणि पानाची पिंक टाकायला उठून गेले.