वापसा, रजा आणि डाय सेटिंग

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वापसा आला, की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतील हजेरी कमी होऊ लागते. मी ज्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग घडवणाऱ्या विभागात, काम करतो, तेथील निम्म्याहून अधिक कामगार गंगापूर, वैजापूर, अंबड, गेवराई या तालुक्यांतील आहेत. गावाकडे प्रत्येकाची दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, आणि पेरणीचे चार-पाच दिवस हातचे गेले तर त्या घराचे वर्षभराचे गणित बिघडते. पण दुचाकीचे सुटे भाग घेणारा ग्राहक पावसासाठी थांबत नाही. नेतृत्वाविषयी मला जे काही खऱ्या अर्थाने समजले, ते या एका प्रश्नापाशी अडखळत समजले.

सुपरवायझर झाल्यावर मी सायंकाळच्या वर्गाला जाऊन व्यवस्थापनाची पदविका घेतली. आपल्याकडे ‘पुढारीपण रक्तातच असावे लागते’ असे सर्रास बोलले जाते, आणि मीही तेच मानत होतो. राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले होते, की ठरावीक गुणांचा संच अंगी असला म्हणून कोणी प्रत्येक परिस्थितीत नेता ठरत नाही. त्यानंतर संशोधकांचे लक्ष माणूस कसा आहे यावरून तो काय करतो याकडे वळले. ओहायो स्टेट विद्यापीठातील अभ्यासकांनी नेत्याच्या वागण्याची दोन अंगे वेगळी केली : कामाची नीट आखणी करून देणे आणि माणसांची कदर करणे. वागणे शिकता येते, ही गोष्ट तेव्हा मला फार धीर देणारी वाटली.

माझ्या आधीचे शॉप इन्चार्ज अत्यंत कडक होते. ते समोर असले की काम चोख चाले, पण त्यांच्या सुटीच्या दिवशी नाकारल्या जाणाऱ्या मालाचा ढीग वाढे. कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, शाळकरी मुलांच्या गटांवरील प्रयोगात हेच दिसले होते : हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की मुलांचे काम मंदावे, आणि जेथे मुलांना विचारून काम ठरत असे तेथे ते बऱ्याच अंशी चालू राही.

म्हणून हुकूम नेहमीच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. आमचे गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र उलटत असताना, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. माळवदाच्या घरांच्या जाड दगडी भिंतींखाली माणसे अडकली होती, आणि आमच्या गटातील एका निवृत्त जवानाने कोणी कोठे खणायचे, कोणी पाणी आणायचे, हे मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. कोणीही त्याला विरोध केला नाही. उलट कोणीतरी सांगत आहे याचाच आधार वाटला. फ्रेड फिडलर यांनी १९६७ मध्ये मांडले, की परिस्थिती नेत्याला फार अनुकूल किंवा फार प्रतिकूल असेल तेव्हा कामावर रोख ठेवणारा नेता परिणामकारक ठरतो, आणि मधल्या परिस्थितीत माणसे सांभाळणारा. ते वाचताना मला तो ढिगारा आठवला. कारखान्यातला जून महिना मात्र ढिगारा नव्हे. तो त्या मधल्या परिस्थितीत मोडतो, आणि तेथे आवाज चढवून काही साधत नाही.

शॉप माझ्याकडे आले त्या पहिल्या पावसाळ्यात मी जो मागेल त्याला रजा दिली. मीही शेतकऱ्याचाच मुलगा असल्याने नाही म्हणवत नव्हते. परिणाम असा झाला, की ज्यांनी मागितली नाही त्यांना सलग दोन शिफ्ट कराव्या लागल्या, प्रेसवर डाय, म्हणजे भागाला आकार देणारा साचा, बसवणारे तिन्ही कारागीर एकाच आठवड्यात गावी गेले आणि दोन प्रेस बंद राहिले. जे मन लावून काम करत होते, तेच माझ्यावर नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त होती.

या चुकीचे नेमके निदान मला पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांच्या लेखनात सापडले. भारतीय कार्यसंस्थांविषयी १९८० च्या सुमारास त्यांनी मांडले, की आपल्याकडे हाताखालची माणसे वरिष्ठाकडून वडीलकीच्या मायेची अपेक्षा करतात, आणि परिणामकारक नेता ती माया देतो, पण कामाशी बांधून देतो. माणसे तयार होत गेली की तो हळूहळू निर्णयही त्यांच्या हाती सोपवतो. परदेशी सिद्धांतांत कदर आणि काम हे दोन स्वतंत्र अक्ष होते. सिन्हांनी एकाला दुसऱ्यात गुंफले, आणि माझ्या मते आपल्या मातीतल्या कारखान्याला हीच मांडणी सर्वांत जवळची आहे.

पुढच्या मे महिन्यात मी प्रत्येक लाइनच्या कामगारांना एकत्र बसवून जमीन किती, पेरायला घरी आणखी कोण, हे विचारले. दहांपैकी सात माणसे रोज लाइनवर लागतील, हे माझे एकच बंधन होते. त्याच्या आत तारखा त्यांनीच वाटून घ्यायच्या. मात्र जो आपल्या सोबत्याला डाय सेटिंग शिकवील, त्याला तारीख निवडण्याचा पहिला मान. वर्षानुवर्षे आपली कला झाकून ठेवणारे कारागीर जेवणाच्या सुटीत दुसऱ्यांना शिम, म्हणजे डाय नीट जुळवणारी पातळ पट्टी, कशी लावायची हे दाखवू लागले. दोघांनी शिकवायला साफ नकार दिला, आणि त्यांच्या तारखा शेवटी लागल्या. ते मला जड गेले, पण मी बदलले नाही.

चौथ्या वर्षी हजेरीपट पाहताना मला न विचारता पाच नावांच्या तारखा बदललेल्या दिसल्या. ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्या जुन्या कारागिराला मी कारण विचारले. ते म्हणाले, “साहेब, वैजापूरकडं पाऊस झालाच नाही, म्हणून त्यांच्या तारखा गेवराईवाल्यांना दिल्या. डायवर माणूस हाय.”