रिकव्हरीचा आकडा नेमके काय सांगतो?

रासायनिक विश्लेषणात नमुन्यात ज्ञात प्रमाणात मिसळलेल्या पदार्थापैकी किती टक्के परत मिळाला, हे सांगणारा आकडा म्हणजे रिकव्हरी. उपकरण कितीही संवेदनशील असले, तरी त्याच्यापर्यंत पोहोचतो तो नमुन्यातून काढलेला अर्क, आणि अर्क काढताना मागे राहिलेला पदार्थ पुढच्या कोणत्याही पायरीत परत मिळत नाही. पूर्वतयारीतली सापेक्ष अनिश्चितता १० टक्के आणि मापनातली १ टक्का असेल, तर एकूण अनिश्चितता (दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) १०.०५ टक्के येते. मापनातली अर्ध्यावर आणली, तरी एकूण १०.०१ टक्क्यांवरच थांबते. म्हणून नव्या उपकरणावर होणाऱ्या चर्चेतला निम्मा वेळ तरी निष्कर्षणाला, म्हणजे अर्क काढण्याच्या पायरीला, मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

द्रव नमुन्यांच्या बाबतीत सर्वांत प्रभावी घटक म्हणजे सामू (pH). बेंझोइक आम्लाचा पीकेए (ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू आयनरूपात असतात तो अंक) सुमारे ४.२ आहे, सामू २.२ च्या आसपास आणला की त्याचे जवळजवळ ९९ टक्के रेणू उदासीन रूपात राहतात आणि सेंद्रिय द्रावकात सहज उतरतात, तर सामू ७ असताना ९९ टक्क्यांहून अधिक रेणू आयनरूपात असल्याने ते पाण्यातच राहतात. द्रावक तोच, हलवण्याचा वेळ तोच, आणि तरीही उत्तर पूर्णपणे वेगळे. द्रावक किती वापरला यापेक्षा तो कसा वापरला हेही महत्त्वाचे ठरते: विभाजन गुणांक (पदार्थाच्या द्रावकातल्या आणि पाण्यातल्या संहतींचे गुणोत्तर) ५ असेल, तर १०० मिलिलीटर पाण्यातून १०० मिलिलीटर द्रावकाने एकदाच निष्कर्षण केल्यास सुमारे १७ टक्के पदार्थ मागे राहतो, पण तोच द्रावक २५ मिलिलीटरच्या चार हिश्श्यांत वापरल्यास ४ टक्क्यांहूनही कमी उरतो.

घन नमुन्यात प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तिथे पदार्थाला कणाच्या आतून बाहेर यायचे असते. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे कणाचा आकार निम्मा केला की तो वेळ साधारण चौथा हिस्सा होतो. मात्र बारीक दळणे नेहमीच निर्धोक नसते; कॅप्टान आणि क्लोरोथॅलोनिल यांसारखी बुरशीनाशके दळताना बाहेर पडणाऱ्या वनस्पतिरसाच्या संपर्कात विघटित होऊ शकतात, म्हणून नमुना कोरड्या बर्फासोबत गोठवून दळणे श्रेयस्कर.

या सगळ्याची खातरजमा म्हणून आपण नमुन्यात ज्ञात प्रमाणात पदार्थ मिसळतो, तो परत किती मिळाला हे मोजतो आणि आकडा ९५ टक्के आला की समाधान मानतो. माझा आक्षेप या समाधानावर आहे. वरून मिसळलेला पदार्थ बहुधा कणांच्या पृष्ठभागावर असतो, तर मूळचा अवशेष, म्हणजे नमुन्यात आधीपासूनच असलेला पदार्थ, महिनोन्‌महिने पेशींत, मेदात किंवा मातीच्या सेंद्रिय अंशात मुरलेला असतो. पहिला सहज सुटतो, म्हणून दुसराही सुटलाच असेल असे त्यातून सिद्ध होत नाही. समस्थानिकांनी चिन्हांकित केलेले आंतरिक मानक (त्याच पदार्थाचे, पण वेगळ्या वस्तुमानाचे रूप, जे ज्ञात प्रमाणात नमुन्यात घालतात) पुढच्या पायऱ्यांतली गळती आणि मापक उपकरणातल्या आयनीकरणातली घट उत्तम रीतीने भरून काढते, पण जो अंश कणातून बाहेरच आला नाही त्याबद्दल तेही काही सांगू शकत नाही.

त्यासाठी मूळचा अवशेष असलेला नमुनाच लागतो. प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्यातले प्रमाण आधीच खात्रीने ठरवलेले आहे असा नमुना) उपलब्ध असेल तर उत्तमच. नसेल तर अर्क काढून उरलेल्या त्याच चोथ्याचे पुन्हा पुन्हा निष्कर्षण करून दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्कात किती पदार्थ येतो हे पाहावे, आणि अधिक तीव्र पद्धतीशी, उदाहरणार्थ दीर्घकाळ चालवलेल्या सॉक्सलेटशी (ताजा द्रावक पुन्हा पुन्हा नमुन्यातून फिरवणाऱ्या उपकरणाशी), तुलना करावी. क्वेचर्स (QuEChERS) या कीटकनाशकांचे अवशेष काढण्याच्या झटपट पद्धतीत कोरड्या धान्याच्या ५ ग्रॅम पिठात ॲसिटोनायट्राइल या द्रावकाच्या आधी १० मिलिलीटर पाणी घालतात, ते फुगलेल्या कणांत द्रावक शिरावा म्हणून. हे भिजवणे किती वेळ चालले, याची नोंद मात्र अनेक अहवालांत रिकव्हरीच्या आकड्याशेजारी आढळत नाही.